खोडलेली ओळ

“ताई, ह्यांना चहात साखर किती ते विचारा की,” सगुणा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी इंग्रजीत विचारेपर्यंत पाहुण्या खुर्चीतून उठून थेट ओट्यापाशी पोचल्या होत्या. सगुणाच्या हातातला डबा घेऊन त्यांनी आपल्या कपात तीन चमचे साखर घातली, ढवळली आणि उभ्याउभ्याच एक घोट घेऊन समाधानानं मान हलवली. सगुणा कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली. आमच्याकडे पाहुणे ओट्यापर्यंत येत नसत.

“ही तुमची बहीण का?” त्यांनी मला विचारलं.

“बहिणीसारखीच,” मी म्हणाले.

“आणि तुम्ही तिघी चहा कुठे बसून पिता?”

तिघी म्हणजे मी, सगुणा आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली माझी आई. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून पीत असे, आईला सगुणा चमच्यानं पाजत असे, आणि सगुणा स्वतः कधी आणि कुठे पिते ते मला ठाऊक नव्हतं. “ते काही ठरलेलं नसतं,” मी म्हणाले.

ही गोष्ट १९९६ च्या नोव्हेंबरातली. पाहुण्या म्हणजे रेव्हरंड नोमवुला म्बाथा, दक्षिण आफ्रिकेतल्या एका चर्चच्या पाळक. पुण्यातल्या एका धर्मशास्त्र विद्यालयात त्या वर्षभर शिकवायला आल्या होत्या आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्त्री-सभेनं त्यांना दोन दिवसांच्या शास्त्राभ्यासासाठी, म्हणजे मिळून बायबल वाचण्यासाठी, बोलावलं होतं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं. तिथं बाई पाळक कुणी पाहिलेली नव्हती आणि आफ्रिकेतलं माणूस तर नाहीच. त्या माझ्याकडे उतरल्या, कारण घाम न फुटता इंग्रजी बोलणारी मंडळीत मी एकटीच. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत असे. चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, नाकावर माशी बसू न देणारी. दुभाषाचं काम आपसूक माझ्याकडे आलं आणि मी ते मोठ्या ऐटीत घेतलं.

सगुणाबद्दल सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या बापानं तिला आमच्या दारात आणून सोडलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. माझे वडील शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे पंच. “मुलीसारखी वाढवू,” असं त्यांनी भर उपासनेत उभं राहून सांगितलं होतं. मला आखूड झालेले झगे तिला मिळाले. आम्ही खायचो तेच अन्न तिला मिळालं, आणि हे आई आल्यागेल्याला आवर्जून सांगायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण आईला हाताशी कुणी तरी हवं होतं. पुढे वडील गेले, भाऊ नाशिकला नोकरीला लागून तिकडचाच झाला, आईला अर्धांगवायू झाला. सगुणा माझ्या आईला आईच म्हणे. त्याचा आमच्या घराला फार अभिमान होता.

त्या वर्षी सप्टेंबरात पाटोळेबाई माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. जवळच्या तालुक्याच्या गावी मुलींचं बोर्डिंग होतं, त्याच्या त्या रेक्टर.

“आमच्या स्वयंपाकीणबाई नाताळनंतर काम सोडतायत,” त्या म्हणाल्या होत्या. “सगुणाला पाठवता का? राहायला खोली, पगार आणि साठ पोरींचा गोंगाट. तिला विचारून तरी बघा.”

“विचारते,” मी म्हणाले.

दोन महिने झाले तरी विचारलं नव्हतं. आईची कूस कोण बदलणार, हे कारण मी स्वतःला देत होते, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरी भीती वेगळीच होती. शाळेतून परत आल्यावर दार उघडून “आलात का ताई?” असं म्हणणारं घरात कुणी नसेल, हीच ती. मला मैत्रिणी नव्हत्या. बोलायला जावं असं एकही घर गावात नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. आणि आता पाटोळेबाई ह्या शास्त्राभ्यासालाही येणार होत्या.

पहिल्या दिवशी, आईपाशी एका शेजारणीला बसवून, आम्ही शाळेच्या हॉलात सतरंज्या अंथरल्या. तीसेक बाया जमल्या, “सलाम बाई, सलाम बाई” झालं, आणि पहिला गोंधळ पाहुण्यांच्या नावावरून झाला. ‘म्बाथा’ कुणालाच म्हणता येईना. कुणी बाथाबाई म्हणालं, कुणी माथाबाई. सभेच्या अध्यक्ष सुवार्ताकाकू वाघचौरे ह्यांनी तर निकालच देऊन टाकला, “आपण त्यांना बाटाबाई म्हणू. ध्यानात बी राहील.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. म्बाथाबाई मोकळेपणानं हसल्या. मग म्हणाल्या, “माझी आई तीस वर्षं एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी कामाला होती. मालकिणीला तिचं नाव म्हणता येईना, म्हणून तिनं ‘ॲनी’ ठेवून दिलं. आई गेली तेव्हा मालकिणीनं फुलं पाठवली. त्यांच्यावरही ॲनीच लिहिलं होतं. तेव्हा बायांनो, थोडी मेहनत घ्या.”

बाया ओशाळल्या आणि ओठ मिटून प्रयत्न करू लागल्या. चहाची किटली घेऊन दाराशी उभ्या असलेल्या सगुणाला पहिल्याच झटक्यात जमलं. “म्बाथा,” ती हळूच म्हणाली. म्बाथाबाईंनी तिच्याकडे बघून टाळी वाजवली.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा आम्हाला नवीन होती. भिंतीवर त्यांनी मोठाले खाकी कागद चिकटवले आणि मार्कर माझ्या हातात दिला.

“मी शिकवणार नाही, फक्त प्रश्न विचारणार,” त्या म्हणाल्या. “जी जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, तिच्या नावासकट कागदावर जाईल. काही पुसायचं नाही. चुकलं तर नुसती एक रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हे कागद मी घरी नेणार. तुमचं इंग्रजी मी वहीत टिपून घेईन, त्यावरून तिथल्या आमच्या बायकांना ते झुलूत वाचून दाखवते, आणि त्या कागदांखाली आपला प्रश्न लिहितात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. बाई ‘मी’ म्हणाली तर तुम्हीही ‘मी’च म्हणायचं. बोलताना तुम्ही तीच असता.”

अध्याय होता बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा सोळावा. अब्राहामाला मूल नाही म्हणून त्याची बायको सारा आपली दासी हागार त्याला देते. हागार पोटुशी राहते, मग सारा तिला छळते, आणि हागार रानात पळून जाते. वाटेवरच्या झऱ्याशी तिला देवदूत भेटतो.

“हागार कुठली?” म्बाथाबाईंनी विचारलं.

“मिसरी!” सगळ्या एकदम म्हणाल्या.

“आणि मिसर कुठे आहे?”

“मोशेच्या गोष्टीत,” कुणी तरी म्हणालं आणि हशा झाला.

मी मात्र हसले नाही. दहा वर्षं मी मुलांकडून आफ्रिकेचा नकाशा काढून घेत होते, नाईल नदी निळ्या पेन्सिलीनं, वर डाव्या-उजव्या बाजूंना समुद्र. हागार मिसरी आणि मिसर, म्हणजे इजिप्त, आफ्रिकेत, ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कधी शेजारी आलीच नव्हती.

“हागार आमच्याकडची,” म्बाथाबाई म्हणाल्या. “अब्राहामाच्या घरातली कामवाली आमची मुलगी होती. म्हणून ही गोष्ट आम्ही मालकाच्या बैठकीतून वाचत नाही, चुलीकडून वाचतो. माझ्या आईसारख्या बायकांना आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी सुटी असे. त्या दुपारी सगळ्या मिळून प्रार्थना करत. आणि मालकिणींनी आपापल्या घरात जो अध्याय वाचून दाखवला असेल, तोच पुन्हा वाचत, आपल्या आपण. हा अध्याय तर नेहमीचा. देवदूत म्हणतो, हागारे, मालकिणीकडे परत जा आणि तिचं सोस. मालकीण बरोबर इथे पुस्तक मिटायची. आमच्या बायका तिथून पुढे वाचायच्या. पुढे काय आहे, बघा बरं.”

पाटोळेबाईंनी वाचलं. पुढे हागार देवाला नाव देते. तू मला पाहणारा देव आहेस, असं म्हणते.

“त्याच्या आधी शास्त्रात देवाला कुणी नाव दिलेलं नाही,” म्बाथाबाई म्हणाल्या. “अब्राहामानंही नाही. ते दासीनं दिलं. जिनं माझ्या आईचं नाव बदललं, तिनं तेवढा भाग वाचला नसावा.”

हे मराठीत सांगून झाल्यावर मी पाणी मागितलं. सगुणानं आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रश्न आला. म्बाथाबाई म्हणाल्या, “आता हागारेच्या बाजूनं त्या देवदूताशी बोला. त्याला काय म्हणाल?”

आदल्या दिवशीचा संकोच गेला होता. सुवार्ताकाकू म्हणाल्या, “आरं, अब्राहामाला बी बोलव की हितं. समदं बायकांच्यातच काय मिटवतोस?” हॉलभर हसू झालं. मी ते हागारेच्या जागी उभी राहून इंग्रजीत सांगितलं आणि कागदावर लिहिलं. लीलाबाई भांबळ म्हणाल्या, “पोटुशी हाय मी. आधी भाकर-पाणी दे, मंग तुझं सांगणं सांग.” तेही लिहिलं. माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं, आणि कागद मोठा सुरेख दिसत होता.

सगुणा कप वाटत फिरत होती.

“हिनंही दोन दिवस सगळं ऐकलंय,” म्बाथाबाई म्हणाल्या. “हिला बसायला सांगा.”

“तिला काम आहे,” मी म्हणाले.

“ते मी करते.” त्यांनी सगुणाच्या हातून किटली काढून घेतली. सगुणा सतरंजीच्या कडेला, अर्धी जमिनीवर अशी बसली.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“बोल की गं,” लीलाबाई म्हणाल्या. “त्या एवढ्या लांबून आल्यात.”

सगुणानं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग मान वर न करता म्हणाली, “देवदूताला एवढंच इचारायचंय. मला माघारी जा म्हणालास, ते देवानं सांगितलं म्हणून, का मी गेले तर सारेचा चहा कोण करील म्हणून? तुला धाडलं कुणी? देवानं का सारेनं?”

पाटोळेबाई माझ्याकडे बघत होत्या. सुवार्ताकाकू जमिनीकडे बघत होत्या. ती कुणाबद्दल बोलतेय हे तिथं सगळ्यांना कळलं होतं, मराठी न येणाऱ्या एका बाईला सोडून.

“काय म्हणाली?” किटली हातात धरून त्या एका बाईनं मला विचारलं.

मी तोंड उघडलं. “ती म्हणते, हागारेनं देवावर भरवसा ठेवायला हवा होता.”

आणि तेवढ्यावर न थांबता वळून मी तेच कागदावर लिहिलं. ठळक, वळणदार. शेवटी नाव घातलं, सगुणा.

मला खात्री होती की तिला आता वाचता येत नसणार. चौथीत सुटलेली शाळा, मधे बावीस वर्षं. पण मी मार्करला टोपण लावून मागे वळले तर ती कागदाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. शब्दामागून शब्द ती शेवटपर्यंत गेली, आपल्या नावापर्यंत. मग उठली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. तीस बायांनी मिठाची गुळणी धरली होती. मी त्यांच्या पोरांच्या शाळेतली बाई होते.

दुपारी घरी म्बाथाबाई आईच्या खाटेशी बसून तिचे पाय चेपत होत्या. आईला बोलता येत नव्हतं, पण तिला ते आवडत होतं हे दिसत होतं. मी दारात उभी राहिले.

“सगुणाचं वाक्य लांब होतं,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुमचं आखूड होतं.”

“मराठीत जरा पाल्हाळ असतं,” मी म्हणाले.

“असेल. पण दोन दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही ‘ती म्हणते’ म्हणालात.”

त्यांनी आईचं पांघरूण नीट केलं.

“माझी आई मालकिणीचं बोलणं माळ्याला झुलू भाषेत सांगायची. मालकीण दोन शब्दांत बोलायची, हाकलून देईन म्हणून. आई त्याचं लांबलचक काही तरी करून सांगायची, म्हाताऱ्याला रडू येऊ नये म्हणून. आमच्या अंगणात सगळ्यांना ते कळायचं. भाषांतर करणारी बाई शब्द वाढवते किंवा कमी करते तेव्हा ती कुणाला तरी वाचवत असते. मी ते वाईट म्हणत नाही. कुणाला वाचवलंत, एवढंच तुम्ही तुमच्याशी बघा.”

मग त्यांनी तो विषय सोडून दिला. कागद भिंतीवरून उतरवून, गुंडाळून त्यांनी पुठ्ठ्याच्या नळकांडीत आधीच भरले होते. माझी ती ओळ आफ्रिकेला निघाली होती.

सगुणा त्या दिवशी नेहमीसारखीच वागली. भाकरी वाढू का म्हणून विचारलं, आईला भरवलं, म्बाथाबाईंसाठी वाटेत खायला दशम्या केल्या. ती चिडली असती, दोन भांडी आपटली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं तसं काही केलं नाही, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुण्याच्या गाडीला म्बाथाबाईंना सोडायला आम्ही दोघी गेलो. आईपाशी लीलाबाई बसल्या होत्या. सगुणानं पाहुण्यांची बॅग हट्टानं आपल्या हातात घेतली होती आणि नळकांडी माझ्या काखेत होती. गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही स्टँडवरच्या कडुनिंबाखालच्या बाकड्यावर बसलो.

ते बाकडं मला ओळखीचं होतं. तेरा वर्षांपूर्वी मी सगुणाला तिथूनच परत आणलं होतं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. एके दिवशी दुपारी घरातून नाहीशी झाली. वडिलांनी मला पाठवलं, कारण माझं ती ऐकेल. ती ह्याच बाकड्यावर मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. मावशीच्या गावाला जाणार होती. “ताई, मला न्हाई राहायचं तिथं,” म्हणाली. मी कॉलेजात होते, बायबलच्या परीक्षेत पहिली येत होते. मी तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि तिला हागारेची गोष्ट सांगितली. देवदूत म्हणाला परत जा, तिथपर्यंत सांगितली आणि थांबले. सगुणा गाठोडं उचलून माझ्यामागून घरी आली. आईनं त्या संध्याकाळी देवाचे आभार मानले आणि सगुणाला चहा ठेवायला सांगितलं.

काल हॉलात तिनं देवदूताला प्रश्न विचारला नव्हता. मला विचारला होता. आणि उत्तर म्हणून मी तिच्या नावानं खोटं लिहिलं होतं.

“बाई, तो कागद काढा,” मी म्हणाले.

म्बाथाबाईंनी काही न विचारता नळकांडीचं झाकण काढलं. वारा होता. कागद बाकड्यावर पसरताना फडफडायला लागला, तेव्हा सगुणानं येऊन त्याचे दोन कोपरे दाबून धरले. मी त्या ओळीवर एक रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. खाली मी सगुणाचं वाक्य लिहिलं, ती बोलली होती तसंच्या तसं. मी लिहीत असताना ती मनातल्या मनात वाचत होती.

“तू वाचायला कधी शिकलीस?” मी विचारलं.

“रोज दुपारी आईंना शास्त्र वाचून दावते की. चार वर्षं झाली. तुम्ही शाळेत असता.”

मग मी म्बाथाबाईंना ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, हागार होऊन, ‘मी’ म्हणून. तेरा वर्षांपूर्वीची गोष्टही सांगितली. मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत. त्या सगुणासमोर उकिडव्या बसल्या.

“तुला काय हवंय?” त्यांनी विचारलं.

मी ते मराठीत विचारलं. चोवीस वर्षांत आमच्या घरातलं कुणी तिला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारत होतं, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या वतीनं.

सगुणानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला जायचंय,” ती म्हणाली. “पाटोळेबाईंच्या बोर्डिंगात. त्यांनी मला केव्हाच सांगितलंय. तुम्ही विचारताल म्हणून दोन महिने वाट बघतेय, ताई.”

म्बाथाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मला जायचंय,” मी इंग्रजीत म्हणाले. पुढचंही सगळं म्हणाले, एक शब्द न गाळता. दोन महिने वाट बघतेय, हेही.

गाडी आली. म्बाथाबाईंनी कागद गुंडाळला, सगुणाला मिठी मारली, माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि चढल्या. खिडकीतून त्यांनी ओरडून “सगुणा!” अशी हाक मारली. उच्चार अगदी बरोबर होता.

नाताळ झाल्यावर सगुणा गेली. जायच्या आधी आठ दिवस तिनं मला आईचं सगळं करायला शिकवलं. “खांद्याला धरून ओढू नका, कमरेखाली हात घाला,” असं ती मला दहा वेळा सांगे आणि मी दहा वेळा चुके. सकाळी एक बाई ठेवली, बाकीचं मी करायला लागले. त्यानंतर आई चौदा महिने जगली. त्या चौदा महिन्यांत मी तिला दुपारचं शास्त्र वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज ऐकून ती दाराकडे बघायची.

आई गेल्यावर मी शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडायला लागले. ज्या रिकाम्या घराची मला भीती होती, ते तसंच निघालं. योग्य ते केलं म्हणून त्यात काही सूट मिळाली नाही. कधी कधी किल्ली हातात धरून मी उगीचच दारातल्या पायरीवर बसून राहायचे, आत जायला नको वाटायचं म्हणून.

त्याच वर्षी म्बाथाबाईंचं पाकीट आलं. आत एक फोटो होता. एका लहानशा चर्चची भिंत, तिच्यावर आमचा खाकी कागद आणि त्याच्यासमोर प्रार्थनासभेची लाल जाकिटं घातलेल्या दहा-बारा बायका. माझी खोडलेली ओळ आणि तिच्याखालची सगुणाची ओळ फोटोतही ओळखू येत होती. त्याच्याखाली झुलूत काही तरी लिहिलेलं होतं. फोटोच्या मागे म्बाथाबाईंनी त्याचं इंग्रजी केलं होतं.

नाताळच्या सुटीत सगुणा भेटायला आली. अंगानं भरली होती, बोर्डिंगातल्या साठ पोरींची नावं घेऊन एकेकीच्या खोड्या सांगत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा करून आणला. मग फोटो दाखवला. आपलं वाक्य तिनं बोट फिरवून वाचलं.

“खाली काय लिवलंय त्यांनी?”

मी पाठीमागचं वाचलं. मनात एकदा वेगळं काही सांगण्याचा विचार येऊन गेला, हे मी लपवत नाही.

“त्यांचा प्रश्न आहे,” मी म्हणाले. “जिनं वरची ओळ खोडली तिला विचारलंय. आता तुझा चहा कोण करतं?”

सगुणानं कपातला शेवटचा घोट घेतला. घरभर एकदा नजर फिरवली. ओट्यावर उपडी घातलेली एक ताटली, एक वाटी, एक पेला. आतली आईची रिकामी खाट.

“लिहा,” ती माझ्या वतीनं हळूच म्हणाली. “मीच करते. एकटीपुरता.”

मी पत्राचा कागद घेऊन बसले. इंग्रजीत लिहिलं, तिनं सांगितलं तसंच. एक शब्दही बदलला नाही.